फोटोत न दिसणारे दुखणे

आमच्या घरी दिवाळीच्या चार दिवसांतला एक दिवस थोरल्या काकूंचा माजघरात जायचा. आदल्या रात्री उशिरापर्यंत फराळाच्या कढईसमोर बसणे, पहाटे तीनला उठून बंबात जाळ घालणे, सगळ्यांची अभ्यंगस्नाने उरकेपर्यंत पोटात घोटभर चहासुद्धा नाही, आणि अंगणात आम्हा पोरांचे फटाके. आठाच्या सुमारास काकू कपाळाला फडके घट्ट आवळून बांधत, ‘डोळ्यांपुढे चकाकायला लागलं’ एवढेच सांगत आणि दार लोटून घेत. मग दिवसभर काळोख, ओकाऱ्या आणि सुंठेचा लेप. स्वयंपाकघरात कुणीतरी दबल्या आवाजात म्हणे, “कामाच्या दिवशीच बरं हिचं डोकं उठतं!” शेजारच्या कन्नड घरातल्या आजी मात्र दारातूनच ‘अरेतलेनोवु’ असे म्हणून हळहळत आणि त्यांच्या नातीला आमच्याकडे भांडी घासायला पाठवून देत.

आपण मराठीत अर्धशिशी म्हणतो, कन्नडमधल्या ‘अरे’ या शब्दाचा अर्थही अर्धे असाच. हिंदीत आधासीसी. सुश्रुत आणि चरक या दोन्ही संहितांत ‘अर्धावभेदक’ आहे. ग्रीक वैद्य गेलनने वापरलेला शब्द ‘हेमिक्रेनिया’, म्हणजे अर्धी कवटी. तोच झिजत झिजत फ्रेंचमधून ‘मायग्रेन’ झाला. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या लोकांनी एकाच दुखण्याला एकच नाव द्यावे, ही त्याच्या खरेपणाची मोठी साक्षच म्हणायची. तरीही हे दुखणे हजारो वर्षे संशयाचे धनी राहिले, कारण त्याची सूज नाही, जखम नाही, ताप नाही. ते दिसत नाही. ते दिसावे म्हणून गेल्या दीडशे वर्षांत जी धडपड झाली, तिची ही हकीगत आहे.

या दुखण्याची पहिली चित्रे कोणत्याही यंत्राने काढलेली नाहीत. ती रुग्णांनी काढली. इंग्लंडचे राज-खगोलशास्त्रज्ञ सर जॉर्ज एअरी यांना अधूनमधून डोळ्यांपुढे नागमोडी चमकदार रेघ दिसे. १८६५ साली त्यांनी आपला अनुभव एका शास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्यांचा मुलगा ह्यूबर्ट हा डॉक्टर, आणि त्यालाही हाच त्रास. त्याने १८७० मध्ये रॉयल सोसायटीच्या कामकाजात आपल्या झटक्यांची रंगीत चित्रे छापली. आधी दृष्टीच्या मध्याजवळ एक लहानसा ठिपका, मग त्याभोवती लखलखणारी दातेरी कड, ती हळूहळू मोठी होत बाहेर सरकते आणि तिच्या आत काही काळ काहीच दिसत नाही. ती कड त्याला तटबंदी असलेल्या शहराच्या नकाशासारखी, बुरुजाबुरुजांनी आत-बाहेर वळणाऱ्या कोटासारखी वाटली. म्हणून त्याने ग्रीक भाषेतील ‘तट’ या शब्दावरून त्या दृश्याला नाव दिले. किल्ले पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही उपमा समजावून सांगायला नको. काकूंचे ‘चकाकायला लागलं’ म्हणजे हाच कोट होता. वैद्यक आज याला ‘ऑरा’ म्हणते. तो सर्वच रुग्णांना येत नाही, बहुतेकांना नुसतीच डोकेदुखी असते.

पुढे १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरांनी अर्धशिशीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि या झटक्यांना ‘मज्जातंतूंचे वादळ’ म्हटले. मूळ बिघाड मेंदूत आहे, असे त्यांचे म्हणणे. पण पुराव्याअभावी ते मागे पडले आणि वैद्यकाची नजर रक्तवाहिन्यांकडे वळली. न्यूयॉर्कचे हॅरॉल्ड वुल्फ हे विसाव्या शतकातले डोकेदुखीचे सर्वांत नामांकित अभ्यासक. ग्रॅहॅम यांच्याबरोबर १९३८ साली त्यांनी दाखवून दिले की एर्गोटामीन दिल्यावर कानशिलावरच्या धमनीचे उडणे कमी होते आणि दुखणेही उतरते. वाहिन्या आकुंचन पावल्या की डोळ्यांपुढे चमकते आणि पुढे त्या फुगल्या की डोके ठणकते, ही उपपत्ती पुढची कित्येक दशके टिकली.

त्याच वुल्फ यांनी १९३७ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती: अर्धशिशीच्या रुग्णाचा म्हणून एक स्वभाव असतो. तो महत्त्वाकांक्षी, अतिकाटेकोर आणि हट्टी असतो. वुल्फ स्वतः अर्धशिशीचे रुग्ण होते, तेव्हा त्यांच्या मनात द्वेष असण्याचे कारण नाही. पण अशा कल्पना दवाखान्यातून घराघरांत उतरतात तेव्हा त्यांचे रूप बदलते. ‘तुझा स्वभावच तसा, म्हणून तुझं डोकं दुखतं’ हे वाक्य किती सुनांनी ऐकले असेल! दुखण्याचा दोष दुखणेकऱ्याच्या माथी जाऊन बसला.

खरा धागा हाती लागला तो गणिताने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनाही एअरींसारखाच कोट दिसे. झटका आला की ते हातातले काम टाकून कागद घेत आणि तो किती वेळात कुठवर सरकला याची नोंद करीत. मेंदूच्या मागच्या टोकाला असलेल्या दृष्टिकेंद्राची लांबी माहीत होती, कोट दृष्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत जायला लागणारा वेळही आता माहीत झाला. १९४१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला: मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे.

१९४४ साली ब्राझीलमधून हार्वर्डला आलेले आरिस्टिडिस लेआओ हे तरुण संशोधक सशांच्या मेंदूवर अपस्माराचा अभ्यास करीत होते. त्यांना भलतेच काही दिसले. मेंदूला एका ठिकाणी डिवचले की तिथली विद्युत हालचाल मंदावते, जवळजवळ थांबते, आणि ही मंदी तळ्यातल्या तरंगासारखी आजूबाजूला पसरत जाते. तिचा वेग मिनिटाला काही मिलिमीटर, म्हणजे लॅश्लींच्या आकड्याशी जुळणारा. या दोन आकड्यांची सांगड पीटर मिल्नर यांनी १९५८ मध्ये स्पष्ट शब्दांत घातली. पण ससा आपल्याला काय दिसते ते सांगू शकत नाही आणि माणसाचा मेंदू असा उघडून पाहता येत नाही. पेच तिथेच अडला.

तो सुटण्यासाठी एक जुनी गोष्ट कामी आली. इटलीतल्या तुरीन शहरी आंजेलो मोस्सो यांनी एका शेतकऱ्याची पाहणी केली होती. अपघातात त्याच्या कवटीचा तुकडा गेला होता आणि तेथे मेंदूचे ठोके बाहेरून मोजता येत. दुपारची चर्चची घंटा वाजली तेव्हा ते ठोके वाढलेले दिसले. हातातली नाडी मात्र होती तशीच. आता प्रार्थना म्हणायला हवी होती का, असे मोस्सोंनी त्याला विचारले तर ठोके पुन्हा वाढले. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे निरीक्षण आहे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. आज विचार करणाऱ्या मेंदूची जी रंगीत चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो, त्या बहुतेकांचा पाया हाच आहे. यंत्र विचार टिपत नाही. विचारासाठी लागलेला रक्तपुरवठा टिपते.

कोपनहेगनच्या येस ओलेसन, लार्सन आणि लॉरिट्झन यांनी १९८१ मध्ये हे तत्त्व अर्धशिशीला लावले. झेनॉन नावाच्या वायूचे किरणोत्सारी रूप मानेतल्या धमनीतून सोडायचे आणि मेंदूच्या एका बाजूच्या २५४ ठिकाणी रक्तप्रवाह मोजायचा, अशी ती पद्धत. तपासणी चालू असतानाच काही रुग्णांना झटका आला, आणि लेआओंनी सशात पाहिलेल्या मंदीसारखी रक्तप्रवाहाची ओहोटी माणसाच्या मेंदूत मागून पुढे सरकताना प्रथमच दिसली. ती वाहिन्यांच्या नकाशाप्रमाणे सरकत नव्हती. एका धमनीची हद्द ओलांडून ती दुसरीच्या हद्दीत सहज जाई. मूळ घटना वाहिन्यांची नसून मेंदूची आहे, याला इथे बळ मिळाले.

याच प्रयोगात आणखी एक निरीक्षण होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. संशोधकांनी झटक्यात असलेल्या रुग्णांना हात हलवायला, बोलायला सांगितले. निरोगी अवस्थेत अशा वेळी त्या त्या भागात रक्ताची भरती यायला हवी. ओहोटीच्या भागात ती नीट आलीच नाही. झटका चालू असताना माणूस म्हणतो, ‘मला शब्द सापडत नाही, बेरीज जमत नाही, दोन मिनिटं गप्प बसा.’ घरच्यांना तो चिडखोरपणा वाटतो. त्या वेळी मेंदूला कामासाठी नेहमीची रसद मिळत नसते, हे १९८१ मध्ये कागदावर आले.

यानंतरचे एक चित्र केवळ योगायोगाने मिळाले. लॉस एंजेलिसमध्ये निरोगी मेंदू पाहण्याचे काम कसे करतो याचा अभ्यास पेट स्कॅनच्या साहाय्याने चालू होता. त्यात स्वेच्छेने सहभागी झालेल्या एका तरुणीला यंत्रात असतानाच अर्धशिशी उठली. मेंदूच्या मागच्या भागातून दोन्ही बाजूंना पुढे सरकणारी रक्तप्रवाहाची घट त्या चित्रमालिकेत उतरली. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील एसेन येथे वायलर आणि सहकाऱ्यांनी झटक्यात असलेल्या ९ रुग्णांचे पेट स्कॅन केले. मेंदू जिथे मणक्याकडे उतरतो त्या देठात काही जागा चेतलेल्या दिसल्या. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन दिल्यावर डोके थांबले, पण देठातली ती धग तशीच राहिली. डोके थांबल्यावरही माणूस अर्धा दिवस धुऊन काढल्यासारखा का पडून असतो, याचा थोडा उलगडा यातून होतो.

दरम्यान १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी दाखवून दिले की प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते. त्यामुळे धमनीत काहीही न टोचता एमआरआय यंत्रानेच मेंदूचे काम टिपता येऊ लागले. बॉस्टनच्या नुशीन हाजिखानी आणि सहकाऱ्यांना असा एक रुग्ण भेटला, ज्याला बास्केटबॉल खेळले की हमखास ऑरा येई. तो खेळून आला आणि थेट यंत्रात जाऊन लुकलुकणारा चौकटींचा पट पाहत पडून राहिला. २००१ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात दृष्टिकेंद्रावरून सरकणाऱ्या लाटेचा वेग दिला आहे: मिनिटाला ३.५ मिलिमीटर. लॅश्लींनी साठ वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीने ३ हा आकडा काढला होता. रुग्णाचा शब्द आणि यंत्राची साक्ष इतकी जुळल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

त्याहून चिकाटीचे काम हॅम्बुर्गला झाले. शुल्टे आणि मे यांनी एका रुग्णाचा मेंदू सलग ३० दिवस रोज यंत्रात पाहिला. त्या महिन्यात तीन झटके आले. डोके दुखू लागण्याआधीच्या २४ तासांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसची हालचाल वाढलेली आढळली. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. झोप, भूक, तहान यांचा कारभार पाहणारा हा भाग. आदल्या दिवशी येणाऱ्या जांभया, काहीतरी गोड खावेसे वाटणे, उगीच होणारी चिडचिड हे सारे अनेक रुग्ण सांगतात. ‘काल लाडू खाल्लास म्हणून आज डोकं दुखलं’ असे आपण म्हणतो, पण कदाचित झटका आत सुरू झाला होता म्हणूनच लाडू खावासा वाटला असेल.

आता प्रश्न राहतो तो झटक्यांच्या मधल्या दिवसांचा. तेव्हा हा मेंदू इतरांसारखाच असतो का? भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत असते, पण थोड्या वेळाने ते आपल्याला ऐकू येईनासे होते, कारण मेंदूला सवय होते. बेल्जियममधील लीएज येथे शूनेन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना बरे वाटत असताना चौकटींचा पट पुनःपुन्हा दाखवून मेंदूतले विद्युत प्रतिसाद मोजले. निरोगी माणसांत प्रतिसाद हळूहळू कमी होत गेला. अर्धशिशीच्या रुग्णांत तो कमी होण्याऐवजी वाढला. हे १९९५ सालचे. दिवाळीच्या माळा, फटाके, तळणाचा वास हे काकूंच्या मेंदूला कधी जुने होतच नव्हते.

विचारशक्तीचे काय, याकडे पाहणारा एक अभ्यास २०१५ मध्ये अमेरिकेतून आला. १४ रुग्ण आणि त्यांच्या जोडीचे १४ निरोगी लोक. यंत्रात असताना त्यांना कधी सोपे, कधी अवघड बौद्धिक काम द्यायचे आणि त्याच वेळी त्वचेला कधी नुसता उबदार, कधी दुखेल इतका गरम स्पर्श करायचा. कामात लक्ष घालताना मेंदूचे काही भाग नेहमी शांत होतात. रुग्णांत कपाळामागचा एक आणि मध्यरेषेजवळचा एक असे दोन भाग तितके शांत झाले नाहीत. वेदना देत असताना त्यांच्या मेंदूतली कामाशी निगडित हालचाल कमी झाली, पण काम केल्यामुळे वेदनेची हालचाल मात्र निरोगी लोकांपेक्षा अधिक विस्तृत भागात उतरली. संशोधकांच्या मते या मेंदूची काही शक्ती कामाकडून वेदना आवरण्याकडे वळवली जात असावी. १४ ही संख्या लहान आहे आणि एवढ्यावरून सिद्धान्त ठोकून देता येत नाही. पण ज्यांना वरचेवर झटके येतात त्यांच्या अनुभवाशी हे किती जुळते पाहा. वरून एकच काम चाललेले दिसते, आत मात्र एक बाई दोन चुली सांभाळत असते.

याच साली लिस्बनला झटका चालू असताना रुग्णांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा वाचनाचा वेग आणि शिकलेले शब्द लक्षात ठेवणे बऱ्या दिवसांपेक्षा कमी भरले. म्हणजे झटक्यात बुद्धी खरोखरच मंदावते. मग वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी ती कायमची क्षीण होते का? ही भीती अनेकांच्या, विशेषतः परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या आयांच्या मनात असते. नेदरलँड्समधील २००४ च्या एका पाहणीत अर्धशिशी असलेल्या स्त्रियांच्या मेंदूत लहान पांढरे ठिपके अधिक आढळले, आणि ही भीती वाढली. त्याच लोकांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: स्त्रियांत ठिपके वाढले होते, पण त्यांचा बुद्धी उतरण्याशी संबंध दिसला नाही. फ्रान्समधील नाँत येथे सरासरी ६९ वर्षांच्या ७८० लोकांची पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही अर्धशिशीचे वृद्ध इतरांपेक्षा बुद्धीने मागे आढळले नाहीत.

इतके सारे कळल्यावर काकूंच्या नातीची गोष्ट सांगितली पाहिजे. तिलाही आजीचा वारसा मिळाला. एका मोठ्या झटक्यानंतर घरच्यांनी पैसे जमवून तिचा एमआरआय करून आणला. रिपोर्ट आला: सर्व नॉर्मल. घरात आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता, कारण गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता. पण महिन्याभराने तिने पुन्हा दार लोटून घेतले तेव्हा कुणीतरी म्हणाले, “फोटोत तर काही आलं नाही!” आजीला ऐकावे लागले त्याहून हे वाईट, कारण आता त्यावर यंत्राचा शिक्का बसला.

दवाखान्यातला एमआरआय मेंदूची घडण दाखवतो: गाठ, सूज, रक्तस्राव. अचानक आलेली, आजवर कधी नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी, सोबत ताप, हातापायांतली शक्ती जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, अशा वेळी डॉक्टरांकडे तातडीने जायलाच हवे. पण अर्धशिशी घडणीचा नव्हे, कामकाजाचा बिघाड आहे. वर सांगितलेली चित्रे बहुधा अनेकांच्या सरासरीतून किंवा नेमक्या झटक्याच्या क्षणी विशेष पद्धतीने काढलेली आहेत. एखाद्या मुलीला अर्धशिशी आहे की नाही हे ठरवणारा फोटो आजही उपलब्ध नाही. डॉक्टर तिला विचारतात, ती सांगते, आणि त्यावरूनच निदान होते. दीडशे वर्षांच्या साऱ्या यंत्रांनी शेवटी एवढेच सिद्ध केले की ती सांगते ते खरे असते.

आणि हे घर काही एकटे नाही. कर्नाटकात बेंगळूर शहर आणि आसपासच्या खेड्यांत २,३२९ प्रौढांची पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकड्यांनुसार वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के होते, म्हणजे चारांत एक. स्त्रियांत ते अधिक होते आणि खेड्यांतही अधिक होते. आता झटके टाळण्यासाठी खास बनवलेली औषधे २०१८ पासून जगात आली आहेत, जुनी स्वस्त औषधेही पुष्कळांना लागू पडतात. पण औषध मागायला जाण्यासाठी आधी घरात कुणीतरी त्या दुखण्यावर विश्वास ठेवावा लागतो.

काकू आता नाहीत. गेल्या पाडव्याला त्यांची नात माहेरी आली होती आणि सकाळीच तिचे डोके उठले. तिच्या भावाने न बोलता अंगणातल्या पोरांना फटाक्यांसकट गल्लीच्या टोकाला नेले, वहिनीने तळणाची कढई मागच्या पडवीत हलवली, आणि माजघराचे दार बाहेरून कुणीतरी हलकेच ओढून घेतले.